रोमच्या कचेरीतून आलेले चर्च

गोव्यात चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला, पोर्तुगीजांकडे तो लॅटिन ‘एक्लेसिया’वरून आला आणि लॅटिनने तो ग्रीक भाषेतून उचलला. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेला ‘एक्लेसिया’ म्हणत. आज हा शब्द ऐकला की पांढऱ्या भिंतींची, मनोऱ्यांची इमारत डोळ्यांपुढे येते. मुळात मात्र त्याचा अर्थ जमलेली माणसे एवढाच होता. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या दोनेकशे वर्षांत ही गोष्ट अक्षरशः खरी होती. मंडळी होती, पण ती जमावी म्हणून मुद्दाम बांधलेली अशी इमारत नव्हती. पुढे ती बांधायची वेळ आली तेव्हा तिचा नमुना रोमच्या देवळांकडून घेतला गेला नाही. तो घेतला गेला रोमच्या चौकातल्या कचेरीकडून आणि राजवाड्यातल्या दरबाराकडून. असे का झाले हे समजले की कोणत्याही जुन्या चर्चमध्ये शिरताना काय पाहायचे ते आपोआप कळू लागते.

आधी रोमन देऊळ कसे होते ते पाहू. उंच जोत्यावर उभे, समोर रुंद पायऱ्या, पुढच्या बाजूला खांबांची रांग आणि आत एक खोली, जिच्यात देवाची मूर्ती. आपल्या गाभाऱ्यासारखीच ती खोली देवाच्या निवासाची जागा होती, लोकांनी बसण्याची नव्हे. पूजेचा मुख्य भाग, म्हणजे पशुबळी, देवळाबाहेर उघड्यावर पायऱ्यांपुढच्या वेदीवर होई आणि लोकही बाहेरच उभे राहत. त्यामुळे रोमन देवळाचा सगळा थाट बाहेरून पाहण्यासाठी असे: संगमरवर बाहेर, नक्षी बाहेर, खांब बाहेर.

ख्रिस्ती उपासना याच्या अगदी उलट होती. लोक एकत्र जमत, धर्मग्रंथाचे वाचन ऐकत, प्रवचन ऐकत, प्रार्थना करत आणि शेवटी भाकर व द्राक्षारस यांत सहभागी होत. हे सारे बंद दाराआड, छपराखाली चाले. शेवटच्या भागाला तर बाप्तिस्मा न झालेल्यांना थांबू देत नसत. दीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही त्याआधी बाहेर पाठवले जाई. अशा उपासनेला देवाचे घर पुरत नाही, तिला माणसांचे दालन लागते. शिवाय ज्या देवांना बळी द्यायला नकार दिला म्हणून आपल्या माणसांनी प्राण गमावले, त्यांच्याच देवळासारखी इमारत बांधावी असे त्या पिढीला वाटणे शक्य नव्हते.

सुरुवातीला हे दालन म्हणजे कोणाच्या तरी घरातली मोठी खोली असे. अशा घराचा सर्वांत बोलका पुरावा सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या ड्युरा-युरोपोस या सरहद्दीवरच्या गावात मिळाला. तिथल्या एका साध्या घरात, मधल्या अंगणाभोवतीच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून एक लांबट दालन केलेले होते आणि त्याच्या एका टोकाला बुटका ओटा बांधला होता. साठ-सत्तर माणसे त्यात जेमतेम बसली असती. दुसऱ्या बाजूच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते, त्यावर छत होते आणि भिंतींवर चित्रे होती: मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, पाण्यावर चालू पाहणारा येशूचा शिष्य पेत्र, रिकाम्या कबरीकडे निघालेल्या स्त्रिया. इ. स. २५६च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने गावाला वेढा दिला, तेव्हा तटबंदी भक्कम करण्यासाठी रोमन सैनिकांनी तटालगतच्या घरांत माती भरली. गाव पडले, पण त्या मातीखाली हे घर जपले गेले आणि १९३०च्या दशकातल्या उत्खननात बाहेर आले. बाहेरून पाहणाऱ्याला ते शेजारच्या घरांसारखेच दिसले असते.

इथे एक रूढ समजूत बाजूला ठेवली पाहिजे. रोमजवळची भुयारे, म्हणजे कॅटकोम, ही लपून उपासना करण्याची चर्चे होती असे पुष्कळदा सांगितले जाते. ती दफनभूमी होती. तिथे मृतांच्या स्मरणाचे विधी होत, पण त्या अरुंद बोळांत मंडळी नियमाने जमणे शक्यच नव्हते. शिवाय तिसऱ्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती इतकी बदलली होती की काही शहरांत चर्चच्या ठळक इमारती उभ्या होत्या. सम्राट डायोक्लेशियनने छळाचा आदेश काढला तेव्हा, फेब्रुवारी ३०३मध्ये, निकोमिडिया या त्याच्या राजधानीतले जे चर्च आधी पाडले गेले ते राजवाड्यातून दिसेल अशा उंच जागी होते. पुढे दहा वर्षांत चक्र उलटे फिरले. ३१२मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रोमजवळच्या मिल्वियन पुलाच्या लढाईत आपला प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियस याचा पराभव केला आणि ३१३मध्ये ख्रिस्ती धर्माला उघड मोकळीक मिळाली. आता मंडळीजवळ सम्राटाचा आश्रय होता, पैसा होता, जमीन होती. शेकडो, प्रसंगी हजारो माणसे छपराखाली मावतील अशी इमारत हवी होती आणि ती लवकर हवी होती.

अशी इमारत रोमन गवंड्यांना पाचशे वर्षांपासून बांधता येत होती. तिचे नाव बॅसिलिका. रोममधली पहिली बॅसिलिका थोरल्या केटोने इ. स. पू. १८४मध्ये बांधली. पुढे साम्राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक शहराच्या मुख्य चौकालगत एक तरी बॅसिलिका उभी राहिली. ऊन-पावसापासून आडोसा देणारा तो एक प्रचंड मंडप होता. त्यात व्यापारी सौदे करत, सावकार व्यवहार करत आणि न्यायाधीश खटले चालवत. रोमच्या बॅसिलिका ज्युलियात मोठे दिवाणी न्यायालय भरत असे आणि गाजलेल्या खटल्याला वरच्या सज्जांतूनही लोक वाकून ऐकत. तिच्या पायऱ्यांच्या संगमरवरावर सोंगट्यांच्या खेळाचे पट कोरलेले आजही दिसतात. आपली पाळी यायची वाट पाहत, किंवा नुसताच वेळ घालवत, कोणीतरी टोकदार हत्याराने ते ओरखडलेले आहेत. चर्चच्या इमारतीचे पूर्वज असे माणसांच्या वर्दळीतले आहेत.

या इमारतीची रचना साधी आणि हुशारीची होती. मधोमध उंच, रुंद दालन. त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. रांगांपलीकडे बुटक्या छपराच्या पडव्या. मधले दालन पडव्यांपेक्षा उंच ठेवले की त्याच्या भिंतींचा वरचा भाग पडव्यांच्या छपरावर उघडा राहतो. त्या भागात खिडक्यांची ओळ काढली की इमारत कितीही रुंद असली तरी उजेड नेमका मध्यभागी उतरतो. आतल्या एका टोकाला, कधी दोन्ही टोकांना, भिंत अर्धवर्तुळात बाहेर फुगवलेली असे. या अर्धगोलाला ‘ॲप्स’ म्हणतात. तिथल्या उंच ओट्यावर न्यायाधीश बसे आणि त्याच्याजवळ सम्राटाची प्रतिमा असे, कारण न्याय त्याच्या नावाने चाले.

मात्र चौकातली बॅसिलिका जशीच्या तशी चर्चला चालली नसती, कारण तिचे दरवाजे सहसा लांब बाजूला, चौकाकडे उघडत. सम्राट ट्रेजनची बॅसिलिका उल्पिया, जिचे लोकार्पण ११२मध्ये झाले, ती अशीच होती: लांब बाजूने आत शिरायचे आणि दोन्ही टोकांना दोन अर्धगोल. आत आलेल्या माणसाला कोणत्याही एका दिशेला जायचे बंधन नव्हते. बाजाराला आणि कचेरीला हे सोयीचे होते, कारण तिथे एकाच वेळी दहा कामे चालतात. उपासनेत सगळ्यांचे तोंड एकीकडे हवे.

यावरचा उपाय रोमनांनी राजवाड्यात आधीच शोधलेला होता. जर्मनीतल्या ट्रियर शहरात, ३१०च्या सुमाराचे, कॉन्स्टंटाइनचे दरबारगृह अजून उभे आहे. सुमारे ६७ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद असे हे विटांचे दालन आहे. त्याला पडव्या नाहीत, आत एकही खांब नाही. दरबारासाठी आलेला माणूस लांबीच्या दिशेने चालत जाई आणि पलीकडच्या टोकाला, अर्धगोलात, सम्राट बसलेला असे. त्या अर्धगोलातल्या खिडक्या बाकीच्यांपेक्षा लहान ठेवल्या आहेत, त्यामुळे तो भाग आहे त्याहून दूर आणि मोठा वाटतो. सम्राटापर्यंतचे अंतर डोळ्यांना वाढवून दाखवण्याची ही युक्ती होती. आता या वास्तूत प्रोटेस्टंट मंडळीची उपासना चालते.

चर्चच्या वास्तुकलेतला निर्णायक क्षण मला इथे दिसतो. चौकातल्या बॅसिलिकेच्या पडव्या, खांब आणि उंच खिडक्या घेतल्या, दरबाराची एकमार्गी दिशा घेतली आणि दार लांब बाजूवरून काढून आखूड बाजूला नेले. नवे असे काहीच शोधले नाही, फक्त दाराची जागा बदलली. एवढ्याने खांबांच्या त्याच रांगा, ज्या पूर्वी बाजाराच्या कडेला उभ्या होत्या, त्या आता दारापासून वेदीपर्यंत माणसाला घेऊन जाऊ लागल्या.

कॉन्स्टंटाइनने रोममध्ये बांधलेले पहिले मोठे चर्च लॅटरन या भागात उभे राहिले. ती जागाही विचार करायला लावणारी आहे. तिथे सम्राटाच्या घोडेस्वार अंगरक्षकांची छावणी होती. त्यांनी लढाईत मॅक्सेंटियसची बाजू घेतली म्हणून कॉन्स्टंटाइनने ते दल मोडले, छावणी पाडली आणि तिच्या पायावर हे चर्च बांधले. जुन्या देवळांनी भरलेल्या मुख्य चौकात न जाता शहराच्या कडेच्या सरकारी जमिनीवर बांधल्यामुळे जुना धर्म पाळणाऱ्या उमरावांशी झगडाही टळला. इमारत सुमारे १०० मीटर लांब होती, मधल्या दालनाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन पडव्या होत्या. बाहेरून साधी वीट, आत रंगीत संगमरवर, सोने आणि चांदी. देवळाचा थाट बाहेर होता, चर्चचा थाट आत आला, कारण माणसे आता आत होती.

अर्धगोलात न्यायाधीशाच्या जागी बिशप बसू लागला. त्याच्या दोन्ही हातांना, भिंतीच्या वळणाला धरून, इतर धर्मगुरूंची बाके असत आणि पुढ्यात वेदी. बिशपच्या आसनाला ‘कॅथेड्रा’ म्हणत, त्यावरून ‘कॅथेड्रल’ हा शब्द आला. हे साम्य वरवरचे नव्हते. कॉन्स्टंटाइनने बिशपांना काही दिवाणी तंटे निकालात काढण्याचा अधिकारही दिला होता, म्हणजे रोमन माणसाला त्या आसनाकडे पाहून न्यायाधीश आठवत असेल तर ते रास्तच होते. बिशपच्या अधिकारक्षेत्राला वापरला जाणारा ‘डायोसिस’ हा शब्दसुद्धा रोमन प्रशासनातला आहे. डायोक्लेशियनने साम्राज्याचे जे विभाग पाडले त्यांना तेच नाव होते.

छपराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण इथे एक कोडे आहे. रोमन लोक काँक्रीटमध्ये निष्णात होते. मॅक्सेंटियसने सुरू केलेल्या आणि कॉन्स्टंटाइनने पुऱ्या केलेल्या बॅसिलिकेवर सुमारे ३५ मीटर उंचीवर काँक्रीटची छते होती. मग चर्चवर लाकडी छप्पर का घातले? काँक्रीटच्या छताचे वजन खाली आणि बाहेर ढकलते. ते पेलायला भिंती अतिशय जाड लागतात आणि बांधायला वर्षे जातात. लाकडी कैच्यांचे छप्पर भिंतीवर नुसते सरळ भार टाकते. म्हणून भिंती पातळ चालतात, त्यांत मोठ्या खिडक्या काढता येतात आणि खाली बारीक खांब पुरतात. वीसेक मीटरहून अधिक रुंदीचा गाळा या कैच्यांनी मध्ये आधार न देता झाकला. या पद्धतीची खोट एकच, आग. रोमच्या तटाबाहेर चौथ्या शतकाच्या अखेरीस बांधलेले संत पौलाचे भव्य चर्च चौदाशेहून अधिक वर्षे टिकले आणि जुलै १८२३मध्ये छपराचे काम चालू असताना लागलेल्या आगीत जळाले. आज तिथे त्याच नकाशावर पुन्हा बांधलेली इमारत आहे.

खांब बहुतेक वेळा जुन्या इमारतींतून आणत. एकेक दगडी खांब खाणीतून काढून रोमला आणणे चौथ्या-पाचव्या शतकात परवडण्याजोगे राहिले नव्हते. पुष्कळ चर्चांत त्यामुळे शेजारशेजारचे खांब रंगाने, जाडीने, माथ्याच्या नक्षीने वेगळे दिसतात.

रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवरच्या सांता साबिना चर्चमध्ये मात्र चोवीसच्या चोवीस खांब एकाच घडणीचे, उभ्या पन्हळी कोरलेले, कोरिंथियन म्हणजे पानांच्या नक्षीच्या माथ्याचे आहेत. तेही आधीच्या कुठल्यातरी इमारतीतले. हे चर्च ४२२ ते ४३२ या दशकात पीटर नावाच्या, बाल्कन प्रदेशातल्या इलिरियाहून आलेल्या धर्मगुरूने बांधवले, आणि सुरुवातीच्या बॅसिलिकेची कल्पना करायची तर याहून चांगली जागा नाही. आत पाऊल टाकले की एकही वळण घ्यावे लागत नाही. दोन्हीकडे खांब, खांबांवर कमानी आणि कमानींवर सपाट भिंत. त्याहून वर मोठ्या खिडक्यांची ओळ. मागे वळून दाराच्या वरची भिंत पाहिली तर निळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरांत बांधणाऱ्याच्या नावाचा लेख दिसतो, आणि त्याच्या दोन टोकांना हाती पुस्तक घेतलेल्या दोन स्त्रिया: एक यहुद्यांतून आलेल्या मंडळीचे प्रतीक, दुसरी इतर लोकांतून आलेल्या मंडळीचे. इथेही मंडळी म्हणजे इमारत नसून माणसेच आहेत.

या चर्चचे दार लाकडी आहे आणि पाचव्या शतकातले आहे. त्याच्या मूळच्या अठ्ठावीस चौकटींपैकी अठरा उरल्या आहेत. वरच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या चौकटीत येशू आणि दोन्ही अंगांना दोन चोर, हात पसरून उभे आहेत. मागे क्रूस स्पष्ट दिसत नाहीत, विटांच्या भिंतीसारखी पार्श्वभूमी तेवढी आहे. क्रूसावरच्या मृत्यूचे हे आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक आहे. लाकडाची ही चौकट दीड हजार वर्षे रोजच्या उघडझापीत टिकली, याचे मला आजही नवल वाटते.

व्हॅटिकन टेकडीवरचे संत पेत्राचे जुने चर्च मात्र वेगळ्या गरजेतून उभे राहिले. ते नेहमीच्या उपासनेपेक्षा एका कबरीसाठी होते. ज्या जागी पेत्राला पुरले असे मंडळी मानत होती, ती जागा टेकडीच्या उतारावरच्या गजबजलेल्या दफनभूमीत होती. सोयीची सपाट जमीन जवळच असताना कॉन्स्टंटाइनच्या माणसांनी टेकडीचा एक भाग खणून काढला, दुसऱ्या बाजूला भराव घातला आणि रोमन कुटुंबांच्या विटांच्या समाध्यांची छपरे काढून त्या मातीने भरून टाकल्या. रोमन कायद्यात कबरींना संरक्षण होते, एवढे धाडस सम्राटालाच शक्य होते. १९४०च्या दशकातल्या उत्खननात त्या समाध्या, त्यांमधल्या गल्लीसकट, पुन्हा दिसू लागल्या. कबरीभोवती यात्रेकरूंना फिरता यावे म्हणून इथे लांब दालनाच्या शेवटी, अर्धगोलाच्या अलीकडे, एक आडवे दालन जोडले. त्यामुळे नकाशा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा झाला. चर्च हे मुळातच क्रूसाच्या आकारात आखले गेले असे आपण सर्रास ऐकतो. सुरुवातीच्या बहुतेक चर्चांना असे आडवे दालनच नव्हते; जिथे ते आले तिथे ते गर्दी सांभाळायला आले, आणि क्रूसाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. हे जुने चर्च १५०६पासून पाडून त्या जागी आजचे सेंट पीटर्स बांधले गेले.

दिशेबाबतही असेच आहे. वेदी पूर्वेला असावी हा नियम नंतर रुळला. लॅटरन आणि जुने संत पेत्र या दोन्ही ठिकाणी अर्धगोल पश्चिमेला आणि दार पूर्वेला होते.

कबर आणि बाप्तिस्मा या दोन कामांसाठी लांब दालनाऐवजी गोल किंवा अष्टकोनी इमारत वापरली गेली, आणि तिचाही वंश रोमनच आहे. थोरामोठ्यांच्या समाध्या गोल बांधण्याची रोमन चाल जुनी होती. कॉन्स्टंटाइनची मुलगी कॉन्स्टँटिना हिची चौथ्या शतकाच्या मध्याची समाधी, आजचे सांता कोस्टान्झा चर्च, खांबांच्या बारा जोड्यांवर उभ्या घुमटाखाली आहे; भोवतीच्या प्रदक्षिणेच्या बोळाच्या छतावर द्राक्षे तोडणारी आणि तुडवणारी पोरे आहेत. हे चित्र रोमन घरांतल्या सजावटीत नेहमीचे होते, ख्रिस्ती माणसाला तेच द्राक्षारसाची आठवण देत होते. बाप्तिस्म्याच्या इमारतीला समाधीचा आकार का, असे वाटेल. पण पाण्यात उतरणे म्हणजे जुन्या आयुष्याला मरणे आणि नव्याने उठणे, असे पौलाच्या पत्रातच आहे. आठ बाजूंनाही अर्थ होता: सात दिवसांच्या आठवड्यापलीकडचा आठवा दिवस हा पुनरुत्थानाचा. क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात डायोक्लेशियनने स्वतःसाठी अष्टकोनी समाधी बांधली होती. आज ते तिथले कॅथेड्रल आहे आणि डायोक्लेशियनच्याच छळात मारल्या गेलेल्या डोम्नियस या रक्तसाक्षीच्या नावाने ओळखले जाते.

लांब दालन आणि घुमट या दोन धारा सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, एकत्र आल्या. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून अँथेमियस आणि इसिडोर यांनी ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत हागिया सोफिया हे चर्च बांधले, ज्यात दारापासून अर्धगोलाकडे जाणारी बॅसिलिकेची दिशा कायम आहे आणि माथ्यावर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट आहे. मूळ घुमट ५५८मध्ये कोसळला आणि अधिक उंच करून पुन्हा बांधला गेला. रोममध्ये तोवर जुन्या देवळांची भीतीही ओसरली होती; ६०९मध्ये पँथिऑनचेच चर्च झाले. लोकांनी आत उभे राहावे एवढी मोठी जागा असलेल्या मोजक्या रोमन देवळांपैकी ते एक होते.

आता गोव्याकडे वळताना एक गैरसमज टाळायला हवा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूला बॅसिलिका म्हणतात, पण ती इमारत पडव्या नसलेल्या एकाच दालनाची आहे. ‘बॅसिलिका’ हा तिला १९४६मध्ये पोपकडून मिळालेला दर्जा आहे. बॅसिलिकेचा जुना नकाशा पाहायचा तर समोरच्या ‘से’ कॅथेड्रलमध्ये जावे. तिथे मधले उंच दालन आहे, दोन्ही बाजूंना पडव्या आहेत आणि दार आखूड बाजूला आहे. ‘से’ हे पोर्तुगीज नाव लॅटिन ‘सेदेस’ या शब्दावरून आले आहे, आणि त्याचा अर्थ बसण्याची जागा, बिशपचे आसन, असा होतो.